चिलापी बारीक की म्हातारी? : मत्स्यव्यवसाय विभागाला एक खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र राज्य
आणि भीमा-कृष्णेच्या जलाशयांवरील मच्छीमार सहकारी संस्थांचे सर्व अध्यक्ष

विषय : माशांच्या मुंडक्यांत राहून जाणाऱ्या नोंदी जपण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या महिन्यात भिगवणच्या मासळी बाजारात एका पाटीसमोर वाद लागला. पाटीत तळहाताएवढी चिलापी (तिलापिया) होती. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "उजनीचा माल आता असलाच. वाढंनाच झालाय मासा." पलीकडे जाळं आवरत बसलेल्या माणसानं मान वर न करताच उत्तर दिलं, "वाढाय वेळ कोण देतंय? वडापानं पिल्लंच उपसत्यात." (वडाप म्हणजे इथलं बारीक छिद्रांचं जाळं.)

दोघं एकाच पाटीतल्या माशाविषयी बोलत होते आणि दोघांची निदानं एकमेकांच्या उलट होती. मावशींचं खरं असेल तर पाण्यात चिलापी फार झाली आहे, अन्न पुरत नाही, मासा वयात येतो, वितो, पण अंगानं खुंटतो. चिलापीत हे नेहमीचंच आहे. गर्दी झाली की ती लहानपणीच विणीला लागते आणि मग वाढतच नाही. अशा वेळी उपाय म्हणजे शेतात करतात तशी विरळणी, म्हणजे आणखी मासेमारी. जाळंवाल्याचं खरं असेल तर पाटीत पिल्लं आहेत, आणि उपाय म्हणजे बारीक आसाची (छिद्रांची) जाळी बंद करून मासेमारी आवरती घेणं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर रोग वाढणार. आणि आपल्या विभागाकडची फूटपट्टी या दोघांत निवाडा करू शकत नाही. चौदा सेंटिमीटर म्हणजे चौदा सेंटिमीटर. ते एका वर्षात झाले की चार, हे पट्टीवर उमटत नाही.

ते उमटतं माशाच्या कानात. आणि मुंडकं तर आपण कुत्र्यापुढे टाकतो.

मी प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले. बाजारात माझी ओळख 'मुंडकीवाल्या बाई' अशी आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं लोकांना वाटायचं, माझ्याकडे मांजरं पुष्कळ असावीत. मला मुंडक्यातला कर्णाश्म हवा असतो, कानातला खडा. कोळीवाड्यात ही गोष्ट नवी नाही. घोळ किंवा ढोमा साफ करताना डोक्यातून पांढराशुभ्र खडा निघतो, तो तिथल्या पोरांना ठाऊक असतो. गोड्या पाण्यातल्या मरळीचा आणि चिलापीचा खडाही नुसत्या डोळ्यांना चांगला दिसतो. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांचे खडे मात्र लहान आणि आडबाजूला. चिमटा नीट धरला नाही तर हाती फक्त चुरा येतो.

काही पाठ्यपुस्तकांत याला 'कर्णास्थी' म्हटलेलं असतं. तो शब्द मला खटकतो. हे हाड नव्हेच. यात जिवंत पेशी नाहीत, रक्त नाही. कॅल्शियम कार्बोनेटचे थर आणि त्यांना धरून ठेवणारं थोडं प्रथिन, एवढंच. हाड झिजतं, पुन्हा भरतं. उपासमारीत किंवा विणीच्या दिवसांत माशाचं शरीर खवल्यातलं कॅल्शियमही परत काढून घेतं, त्यामुळे खवल्यावरच्या रेघा कडेनं खाल्ल्या जातात. खड्याला शरीर हात लावत नाही. एकदा बसलेला थर मरेपर्यंत तिथंच. (रोहूच्या कुळात कानाशी जोडलेली खरीखुरी हाडंही असतात, आतल्या फुग्यापासून कानापर्यंत कंपनं पोचवणारी. १८२० साली जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी ती वर्णिली. रोहू-कटल्याचा कान इतका तिखट असतो तो त्यांच्यामुळे. पण आजचा विषय ती हाडं नव्हेत.)

प्रत्येक माशाला खड्यांच्या तीन जोड्या. सॅजिटा म्हणजे बाण, लॅपिलस म्हणजे छोटा दगड, ॲस्टेरिस्कस म्हणजे छोटा तारा. मरळ आणि चिलापीत सॅजिटा सगळ्यांत मोठा असतो, म्हणून वय मोजायला तोच घेतात. रोहूच्या कुळात सॅजिटा खरोखरच बाणाच्या काडीसारखा बारीक निघतो आणि हात लावताच मोडतो. तिथं लॅपिलस किंवा ॲस्टेरिस्कस घ्यावा लागतो. शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशांत लॅपिलस. हे एवढ्यासाठी सांगते की 'कर्णाश्म काढून पाठवा' असं एका ओळीचं परिपत्रक काढलं तर दहा तालुक्यांतून दहा प्रकारचे खडे येतील आणि त्यांची एकमेकांशी तुलनाच होणार नाही.

खडा राळेत बसवून घासत घासत कागदासारखा पातळ केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कापलेल्या कांद्यासारखी वलयं दिसतात. दर वर्षाची एक जाड रेघ. पिल्लांत त्याहून बारीक, रोजची एक रेघ. रोजच्या रेघांकडे जगाचं लक्ष वेधलं ते जॉर्जिओ पॅनेला यांच्या १९७१ च्या निबंधानं. आषाढात पकडलेल्या बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, खड्यावरच्या रेघा मागे मोजत गेलं की तिचा जन्म कोणत्या आठवड्यात झाला ते सांगता येतं.

वर्षाच्या रेघेबाबत मात्र सबुरी हवी. थंड देशांत हिवाळ्यात तळी गोठतात, वाढ थांबते, रेघ स्वच्छ उमटते. आपल्याकडे ती कशानं पडते? पौष-माघाच्या गार पाण्यानं, वैशाखात आटलेल्या जलाशयानं, की विणीच्या थकव्यानं? जातीनुसार उत्तर वेगळं, जलाशयानुसारही वेगळं असू शकतं. एकाच माशाला वर्षात दोन रेघा पडत असतील तर आपण त्याचं वय दुप्पट धरू. म्हणून आधी बारा महिने, दर महिन्याला थोडे मासे घेऊन, खड्याच्या कडेला नवी रेघ नेमकी कधी येते ते बघावं लागतं. कंटाळवाणं काम आहे. पण ते टाळून काढलेलं वय हे वय नसून अंदाज असतो.

आता माझ्या पत्राचा गाभा. शरीराची वाढ आणि खड्याची वाढ नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. मासा उपाशी राहिला, अंगानं खुंटला, तरी खडा थर घेत राहतो. म्हणून एकाच लांबीचे दोन मासे घेतले, एक भराभर वाढलेला आणि एक रखडत वाढलेला, तर रखडलेल्याचा खडा अधिक जड भरतो. गप्पी माशांवर आणि इतर जातींवर प्रयोग करून हे १९८९ मध्येच दाखवलं गेलं आहे. मला ते पहिल्यांदा दिसलं दोन सायप्रिनसमध्ये. एक गावतळ्यातला, एक उजनीतला, पट्टीवर दोघे जुळे भाऊ. गावतळ्यातल्याचा खडा चिमट्यात धरल्याबरोबर जाडजूड लागला. वलयं मोजली तेव्हा कळलं, तो दुसऱ्याचा काका शोभेल.

मासा लहान दिसतो म्हणून तरुण समजण्याची चूक आपलीच आहे असं नाही. अमेरिकेत बिगमाउथ बफेलो नावाचा मासा आहे, आपल्या रोहूच्याच गणातला. त्याला तिथं कोणी फारसं विचारत नव्हतं. बाणानं मारून ढीग लावायचा खेळ चाले. आयुष्य पंचवीस-सव्वीस वर्षांचं असा समज होता. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्याच्या कर्णाश्मांच्या चकत्या वाचल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं की एक मासा ११२ वर्षांचा होता. कोणी वलयांवर विश्वास ठेवणार नाही हे त्यांना माहीत असावं. त्यांनी गेल्या शतकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेपाण्यात पसरलेला किरणोत्सारी कार्बन खड्याच्या थरांत तपासला आणि वय ताडून घेतलं. काही तळ्यांत तर बहुतेक मासे ऐंशी वर्षांच्या पुढचे निघाले, म्हणजे तिथं कित्येक दशकं नवी पिढी जवळजवळ उभीच राहिली नव्हती. पट्टीनं मोजणाऱ्या माणसाला तळं भरलेलंच दिसत होतं.

महोदय, २०२३ मध्ये राज्यानं समुद्रातल्या ५४ जातींसाठी पकडण्याजोगं किमान आकारमान ठरवलं. चांगलं केलं. आता गोड्या पाण्यासाठीही तसंच करा अशी मागणी संस्थांच्या बैठकांत ऐकू येते. माझा त्याला विरोध नाही, पण कोयनेच्या खोल गार पाण्यातला मासा आणि पुण्या-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन हिरव्या झालेल्या उजनीतला मासा यांना एकच सेंटिमीटर लावू नका. आधी जलाशयवार वाढ मोजा. पाच वर्षांचा ठेका असतो. त्यातलं पहिलं वर्ष मुंडकी गोळा करण्यात गेलं तर संस्थेचं काही बुडत नाही.

दुसरा मुद्दा कुळाचा. कोणत्या पाण्यातला मासा कोणता, हेही खडा सांगतो. त्याची बाह्यरेषा, कडेच्या खाचा, लांबी-रुंदीचं प्रमाण हे थोडं रक्तानं ठरतं आणि बरंचसं पाण्याचं तापमान, अन्न, वाढीचा वेग यांनी. दोन जलाशयांतले मासे पिढ्यान् पिढ्या मिसळले नाहीत तर खड्यांचे आकार वेगळे पडू लागतात, आणि छायाचित्रावरून गणितानं तो फरक मोजता येतो. आपल्याकडच्या काही प्रबंधांत मी इथं एक मोठी गफलत पाहिली आहे. मासा वाढतो तसा खड्याचा आकारही बदलतो. पिल्लाचा खडा गोलसर, गुळगुळीत, मोठ्याचा खाचाखोचांचा. एका जलाशयातून लहान मासे आणि दुसऱ्यातून मोठे घेतले की फरक दिसणारच. एका गावची शाळकरी पोरं आणि दुसऱ्या गावचे पारावरचे म्हातारे शेजारी उभे करून 'या दोन गावांची चेहरेपट्टीच वेगळी' म्हणण्यासारखं ते झालं. आधी सारख्या आकाराचे मासे निवडा, नाहीतर आकारमानाचा परिणाम गणितातून वजा करा, आणि मगच कुळाची गोष्ट बोला.

खड्याच्या रसायनातूनही मूळ गाव कळतं. पाण्यातलं स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी खड्यात जाऊन बसतं, आणि पाण्यात ते येतं खडकातून. इथं आपल्या राज्याचा भूगोल थोडा आडवा येतो आणि थोडा मदतीलाही येतो. भीमा, नीरा, कोयना, वरची कृष्णा सगळ्या एकाच काळ्या बेसाल्टवरून वाहतात, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून (त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) या नद्यांतले मासे वेगळे काढणं अवघड जाईल. वैनगंगेची गोष्ट निराळी. भंडारा-गोंदियाकडचे खडक त्याहून अनेक पटींनी जुने, वेगळ्या घडणीचे. तिथल्या मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या माशाचा खडा आणि उजनीतल्याचा खडा यांची सही एकसारखी असणार नाही. नागपूरच्या बाजारात 'वैनगंगेचा' म्हणून विकला जाणारा मासा खरंच तिथला आहे का, हे तपासता येईल. मात्र प्रदूषणाचा निवाडा खड्याकडून घाईनं मागू नका. जस्त, तांब्यासारखे धातू माशाचं शरीर स्वतःच आवरून धरतं, त्यामुळे पाण्यात जेवढं तेवढं खड्यात उतरेलच असं नाही.

कुळाची एवढी उठाठेव कशाला, असं कोणी विचारेल. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच शास्त्रीय नावांत घातली. कोलुस, बोग्गुट, मुल्या, रोहती ही आपलीच नावं आज जगभरच्या यादीत आहेत, आणि त्यांतलंच एक खुद्री, म्हणजे आपली खडशी, दख्खनचा महाशीर. सायक्सना ती पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाली होती. आज तिथं तिची अपेक्षा कोणी करत नाही. महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचा मासा म्हणून राखली आहे, ती देवीच्या धाकानं. लोणावळ्याला कृत्रिम प्रजननानं तिचं बीज तयार झालं आणि १९७० च्या दशकापासून ते दूरदूरच्या नद्यांत गेलं, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा. खडशी तिथं रुजली आणि तो मागे हटत गेला. तो नेमका कोणत्या जातीचा हे पक्कं ठरायला २०१८ साल उजाडलं, आणि तोवर तो अतिसंकटग्रस्त झाला होता. 'महाशीर म्हणजे महाशीर' या एका समजुतीनं हे झालं. आपणही दरवर्षी एका खोऱ्यातलं बीज दुसऱ्या खोऱ्यात टँकरनं नेतो.

टँकरवरून तिसऱ्या गोष्टीकडे येते. माझ्या दृष्टीनं आपल्या हातात सगळ्यांत लवकर येण्याजोगी हीच आहे.

मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं, म्हणून आपण त्या तारखेला मत्स्यशेतकरी दिन पाळतो. हारतुरे होतात, जलाशयात बोटुकली सोडतानाचे फोटो निघतात. किती सोडली याची नोंद असते. वर्षअखेर किती किलो निघाले याचीही असते. मधल्या काळात त्या बोटुकलीतली किती जगली, याचं उत्तर देणारी नोंद मात्र मी आजवर पाहिली नाही. जाळ्यात आलेला मृगळ सरकारी बीजातला, की पुरात वरच्या तळ्यातून वाहून आलेला, की इथंच जन्मलेला? कोणत्याच माशावर त्याच्या गावाचं नाव नसतं.

नाव घालता येतं. अंड्यात किंवा जिऱ्यांत, म्हणजे अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांत, लॅपिलस आणि सॅजिटा तयार होत असतात. त्या वेळी पाण्याचं तापमान ठरावीक तासांच्या अंतरानं तीन-चार अंशांनी वरखाली केलं की खड्याच्या गाभ्यात गडद पट्ट्यांची ठरावीक मांडणी उमटते, दुकानातल्या मालावरच्या पट्ट्यांसारखी. मासा पाच किलोचा झाला तरी ती खूण आत शाबूत. अलास्कातली सामन उबवणी केंद्रं वर्षानुवर्षं हे करतात, कोट्यवधी पिल्लांवर, आणि पकडलेल्या माशाचा खडा बघून तो कोणत्या केंद्रातला ते सांगतात. आपल्या रोहूची अंडी पंधरा-अठरा तासांतच फुटतात, सामनसारखा महिनोन् महिन्यांचा वेळ मिळत नाही, त्यामुळे त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. जिऱ्यांच्या पहिल्या काही दिवसांत बसेल असं वेळापत्रक इथंच प्रयोग करून काढावं लागेल. पण त्यासाठी लागतं काय? दोन टाक्या, एक हीटर, एक तापमापी आणि रात्री जागणारा माणूस. रंगाच्या किंवा प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवून खूण करण्याच्याही पद्धती आहेत. खाण्याच्या माशाला प्रतिजैविकाच्या द्रावणात बुडवू नये असं माझं मत आहे, म्हणून मी गरम-गार पाण्याचा आग्रह धरते.

एवढं केलं तर तीन वर्षांनी अध्यक्ष छाती ठोकून सांगू शकतील की आम्ही सोडलेल्यातलं इतकं परत आलं, किंवा तोंड वाईट करून सांगतील की जवळजवळ काहीच आलं नाही. दुसरं उत्तर आलं तरी मला चालेल. मग बीजावरचा खर्च आस मोठी करण्याकडे वळवता येईल.

माझा स्वतःचा अनुभवही सांगते. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मी दोन खोकी भरून खड्यांची पाकिटं नेऊन दिली. प्रत्येकावर जात, लांबी, वजन, जागा, तारीख. समोरच्या गृहस्थांनी एक पाकीट उघडलं, खडा तळहातावर घेतला आणि विचारलं, "हे कुठल्या हेडखाली जमा करायचं?" मला उत्तर सुचलं नाही. पुढे कार्यालयाची जागा बदलली आणि खोकी सापडेनाशी झाली. कोणाचं नाव घेत नाही, कारण चूक माझीही होती. मी एकच प्रत ठेवली होती, आणि खड्याची झेरॉक्स निघत नाही.

म्हणून मागणी करताना आता हेडही सुचवते. पैसे फार लागत नाहीत. जिल्ह्याच्या गावांत प्राणिशास्त्राचे विभाग आहेत, एम.एस्सी.च्या मुलांना प्रकल्प हवे असतात, उदगीर, नागपूर आणि शिरगावला मत्स्य महाविद्यालयं आहेत, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. प्रत्येक मोठ्या जलाशयावर मासळी उतरवण्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी लांबी-वजन मोजून मुंडकी बाजूला काढायची. मासा विकला जातोच, संस्थेचं नुकसान मुंडक्याएवढंच. खडे काढून कोरड्या कागदी पाकिटात ठेवले की पन्नास वर्षं टिकतात. आज वाचायला माणूस नसेल तर उद्या असेल. एखादी जात पुढे नाहीशी झाली, तरी तिच्या वाढीचा हिशेब त्या पाकिटांत राहिलेला असेल.

भिगवणच्या त्या वादाचं काय झालं, हे राहिलंच. मी चार मुंडकी घेऊन आले, आठ खडे काढले, घासले, वाचले. मावशींनी पुढच्या बाजाराला विचारलं, "मग, बारकी की म्हातारी?" मी सांगितलं, चार मुंडक्यांवर निवाडा देत नसतात. त्या म्हणाल्या, "मग पाटीभर न्या की." त्या पाटी द्यायला तयार आहेत. जाळंवाल्याकडूनही निरोप आला आहे की त्याच्याकडचीही घ्या, म्हणजे कोण खरं ते एकदा कळू दे. आता लागतो तो तुमच्या विभागाचा एक माणूस, एक वजनकाटा आणि वर्षभराचे बारा दिवस.

एक सूचना मात्र आत्ताच देऊन ठेवते, कारण ही चूक शिकलेली माणसंच करतात. मुंडकी फॉर्मॅलिनच्या बरणीत घालू नका. त्यातल्या आम्लानं खडा हळूहळू विरघळतो, आणि बरणी उघडेपर्यंत आत नुसतं मुंडकं उरतं. बर्फ चालेल.

कळावे,
आपली,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षिका
ता. इंदापूर, जि. पुणे